चौसष्ट रकान्यांचा परदेश

मागची खोली येत्या एक तारखेस रिकामी होईल, असं चिरंजीवांनी घरात जाहीर केलं, त्या गोष्टीला परवा तीन वर्षं पूर्ण झाली. त्यानंतर एक तारीख छत्तीस वेळा आली आणि गेली. तारखेकडून कसलीही कसूर झाली नाही.

खोली तशी मोठी नाही. एक खाट, एक टेबल, अंगणाकडे उघडणारी खिडकी, लागूनच न्हाणीघर. मुख्य म्हणजे रस्त्यापासून त्या खोलीपर्यंत एकही पायरी नाही. या शेवटच्या गुणामुळे चिरंजीवांच्या आईच्या, म्हणजे बाईंच्या, थोरल्या बहिणीचा, अक्कांचा, त्या खोलीवर डोळा होता. डोळा कसला, गुडघे होते. अक्का दुसऱ्या गावात, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी त्यांना जिना वर्ज्य सांगितला होता; तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाने जिना वर्ज्य कसा करायचा, हे सांगायला ते विसरले होते. भाजीवाला खाली आला की अक्का दोरीला बांधलेली टोपली गॅलरीतून सोडत आणि दुधी कोवळा आहे की नाही याची खात्री वरूनच, ओरडून करून घेत.

चिरंजीवांनी घोषणा केली त्याच दुपारी बाईंनी बहिणीला फोन लावला होता.

"अक्का, बांधाबांध कर. खोली मोकळी होतेय."

"लग्न ठरलं का त्याचं?"

"नाही गं. परदेशी चाललाय. भटकायला."

"कामधंदा सोडून?"

"कामधंद्यासकट."

बाईंना हे नीट समजलं होतं असं नाही. चिरंजीव चौतीस वर्षांचे, एका कंपनीचं काम लॅपटॉपवर करत. कंपनीने सगळ्यांना कळवलं होतं, की यापुढे ऑफिसात यायला नको, जगात कुठूनही काम करा. जगात कुठूनही म्हणजे प्रत्यक्षात मागच्या खोलीतून, असा त्याचा अर्थ घरात वर्षभर चालू होता. मग चिरंजीवांच्या वाचनात आलं, की लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्या माणसांसाठी बऱ्याच देशांनी खास व्हिसा काढले आहेत. अशा माणसांना डिजिटल भटके म्हणतात.

"भटक्यांना व्हिसा कशाला लागतो?" बाईंनी विचारलं होतं.

"आता भटकायलाही परवानगी लागते, आई."

"बरंय. आमच्या वेळी एका जागी राहायला लागायची."

हे त्या उगाच म्हणाल्या नव्हत्या. बाईंची एकतीस वर्षं आस्थापना शाखेत गेली होती, म्हणजे ज्या शाखेतून कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे हुकूम निघतात त्या शाखेत. शेजारीपाजारी अजूनही त्यांना आस्थापनाबाई म्हणत. त्यांनी टंकलिखित केलेल्या हुकमांनी हजारो माणसं एका गावाहून दुसऱ्या गावी गेली होती. हुकूम चार ओळींचा असे. त्यात गावाचं नाव असे, तारीख असे, आणि खाली सही. तिथली हवा कशी, पाणी मचूळ की गोड, शेजार कसा, यातलं काही नसे. माणसं शिव्या घालत, ट्रंका भरत आणि जात. वर्षभराने तीच माणसं त्या गावाहून हलायला तयार नसत, म्हणून बाई त्यांना पुन्हा हलवत. खुद्द बाईंची चार वेळा बदली झाली होती. दुसऱ्या खेपेला चिरंजीव दोन वर्षांचे होते आणि ट्रकमध्ये लोखंडी ट्रंकेवर गाढ झोपले होते. आर्द्रतेबद्दल त्यांनी तेव्हा अवाक्षर काढलं नव्हतं.

आता मात्र काढलं. कोणत्या देशाचा व्हिसा घ्यावा हे ठरवण्यासाठी चिरंजीवांनी एक तुलनात्मक तक्ता केला. सुरुवातीला तो पोरासोरांनाही कळेल इतका साधा होता. उभे देश तीन, आडवे रकाने चार: व्हिसा किती दिवसांचा, कमाई किती दाखवावी लागते, कर लागतो का, इंटरनेट कसं. हे एका दुपारचं काम होतं. पण संध्याकाळी असं लक्षात आलं, की एक देश दोन रकान्यांत पहिला येतो आणि दुसरा देश उरलेल्या दोन रकान्यांत. बरोबरी सोडवायला पाचवा रकाना काढावा लागला. पाचव्यात तिसराच देश पहिला आला.

तिथून पुढे जे घडलं ते कोणत्याही कार्यालयात घडतं तसंच, नियमानुसार घडलं. बरोबरी फोडायला रकाना, रकाना भरायला माहिती, माहिती तपासायला आणखी देश. आर्द्रता आली. दाताच्या डॉक्टरचं अंतर आलं. कुत्री किती वेळ भुंकतात हे आलं. दूतावासाच्या पत्राच्या शेवटी 'आपला विश्वासू' असतं की नुसतीच सही, हेही आलं, कारण त्यावरून देशाचा स्वभाव कळतो असं चिरंजीवांचं मत होतं. पहिल्या वर्षाच्या अखेरीस देश एकोणीस आणि रकाने एकेचाळीस झाले. मग प्रत्येक रकान्याला समान महत्त्व देणं अन्यायाचं वाटू लागलं, म्हणून महत्त्व ठरवण्याचा वेगळा तक्ता झाला. दुसऱ्या वर्षी, तक्ते करण्याच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना करणारा तक्ता झाला.

"अरे, यातला कुठलाही एक घे की," बाई चहाचा कप टेबलावर ठेवत म्हणत. "सगळीकडे माणसंच राहतात."

"आई, असा भावनेच्या भरात निर्णय घेतला की लोक फसतात."

"कोण फसलं?"

"जे गेले ते."

जे गेले त्यांच्याबद्दल चिरंजीवांचं मत फारसं चांगलं नव्हतं. त्यांच्यासारख्याच तुलना करणाऱ्यांचा एक मोठा गट मोबाइलवर होता. सभासद अकरा हजार. सगळे आपापल्या घरच्या मागच्या खोल्यांतून स्वातंत्र्याबद्दल लिहीत. चिरंजीवांच्या तक्त्याला तिथे फार मान होता आणि कोणी नवखा आला की त्याला आधी तो वाचायला लावत. त्या गटात एक नियमही होता. एखादा खरोखर परदेशी गेलाच, तर त्याला गटातून काढत, कारण त्याची माहिती आता निःपक्षपाती राहिलेली नसे.

दरम्यान कागदपत्रं मरत होती. पोलिसांचा दाखला नव्वद दिवस जगे, तब्येतीचा साठ, बँकेचं पत्र तीस. फोटो सहा महिने, तोही चेहऱ्यावर कोणताही भाव नसेल तर. तिसरा कागद मिळेपर्यंत पहिला दगावलेला असे. चिरंजीवांनी त्यासाठी वेळापत्रक केलं. गेल्या वर्षी एका मंगळवारी सगळे कागद एकाच वेळी जिवंत होते. त्या दिवशी सर्व्हर बंद होता. पोलीस ठाण्यातला हवालदार एव्हाना इतका ओळखीचा झाला होता, की चिरंजीव दारात दिसताच तो 'काही गुन्हा?' असं विचारी आणि उत्तराची वाट न पाहता शिक्का मारी.

इकडे अक्कांनी बांधलेलं सामान चार वेळा सोडलं होतं. पाचव्यांदा बांधलंच नाही.

शेवटी बाईच म्हणाल्या, व्हिसाच्या सल्लागाराकडे जाऊ. सल्लागाराचं ऑफिस एका औषधाच्या दुकानावर होतं. भिंतीवर पाच शहरांच्या वेळा दाखवणारी पाच घड्याळं होती. त्यातली तीन बंद होती, पण कोणती तीन, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सल्लागार गळ्यात टाय आणि पायात चपला अशा वेशात बसले होते, कारण बहुतेक अशील त्यांना कॅमेऱ्यातूनच भेटत. त्यांनी चिरंजीवांचा तक्ता पाहिला आणि क्षणभर उभे राहिले.

"हा तुम्ही केलात? आम्ही हाच वापरतो."

चिरंजीव लाजले.

"तर अर्जदार भटका आहे," सल्लागारांनी फॉर्म पुढे ओढला.

"व्हायचंय."

"उत्तम. एकाच पत्त्यावर सलग दहा वर्षं राहत असल्याचा पुरावा लागेल."

"अहो, पण भटका—"

"म्हणूनच तर. ज्याचा ठावठिकाणा नाही, त्याला कुठलाही देश भटकू देत नाही. पुढचा प्रश्न. तिथे जाऊन काय करणार?"

"काम."

"असं लिहू नका! तिथे काम करायला सक्त मनाई आहे. तुम्ही तिथे नुसतं बसायचं. काम इथलं, पगार इथला. खर्च तेवढा तिथला."

"म्हणजे पाहुणा," बाई म्हणाल्या. "जेवणाचे पैसे देणारा."

"काकूंना पटकन कळलं. लोकांना दोन-दोन महिने लागतात." सल्लागारांनी पान उलटलं. "परत येण्याचा इरादा?"

"सध्या तरी नाही," चिरंजीव ताठ बसत म्हणाले.

सल्लागारांनी पेन खाली ठेवलं. "मग जाता येणार नाही. परत येण्याची ज्याला गरज आहे त्यालाच ते येऊ देतात. ज्याला तिकडेच राहावंसं वाटतं त्याच्यावर त्यांचा विश्वास नसतो. त्यासाठी घरमालकाचं एक प्रतिज्ञापत्र लागतं. घर कोणाच्या नावावर?"

"माझ्या," बाई म्हणाल्या.

"मग सही तुमचीच. मजकूर ठरलेला आहे." त्यांनी कागद सरकवला. बाईंनी चष्मा लावला आणि सवयीने आधी तळाची ओळ, मग वरची, मग मधला मजकूर वाचला. लिहिलं होतं, की अर्जदाराची खोली अर्जदारासाठी कायम राखून ठेवण्यात आली असून, व्हिसाच्या काळात तिथे अन्य कोणासही राहू दिलं जाणार नाही, व तसं आढळल्यास व्हिसा रद्द होईल.

"तपासायला कोण येतं?"

"कोणीही येऊ शकतं. म्हणून कोणीच येत नाही. पण प्रतिज्ञा ती प्रतिज्ञा."

"म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या, "हा गेला तरी खोलीतच राहणार."

"कायद्याच्या दृष्टीने, हो."

बाईंनी सही केली नाही. "विचाराधीन ठेवते," असं म्हणून कागद पिशवीत टाकला. एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी हजारदा लिहिलं होतं. तोंडाने पहिल्यांदाच उच्चारलं. घरी येताच चिरंजीवांनी नवा रकाना काढला: प्रतिज्ञापत्राची सक्ती. तो चौसष्टावा.

त्याच आठवड्यात अक्कांचा फोन आला. रक्त तपासायला म्हणून त्या खाली उतरल्या होत्या आणि परत चढताना दुसऱ्या मजल्याखालच्या वळणावर पाय अडकले. तासभर पायरीवरच बसून राहिल्या. जाणारे येणारे नमस्कार करून बाजूने गेले. सगळ्यांना वाटलं, म्हातारी हवा खायला बसलीय.

"मग?"

"मग काय, बसल्या बसल्या एकेक पायरी उलटी चढले. लहान मूल चढतं तशी. लुगड्याची पार वाट लागली बघ." अक्का हसल्या. मग हसल्या नाहीत. "जाऊ दे गं. त्याच्या मनासारखा देश मिळू दे आधी. मी आता वरच राहते. देव न्यायला येईल तेव्हा वरूनच नेईल, त्यालाही जिना वाचेल."

बाईंनी फोन ठेवला. भाजी चिरायला घेतली होती ती तशीच झाकून ठेवली. कपाटातून कोरे कागद आणि कार्बन काढला. कार्बन अजून चांगला होता. निवृत्तीच्या दिवशी शाखेने शाल दिली तेव्हा त्यांनी तो आपणहून मागून घेतला होता. टेबलाशी ताठ बसून त्यांनी गोल, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

"विषय: प्रशासकीय निकडीमुळे बदली. मागच्या खोलीत कार्यरत असलेले चिरंजीव यांचा सदर ठिकाणचा विहित कालावधी केव्हाच संपला असल्याने, त्यांची बदली अक्का यांच्या तिसऱ्या मजल्यावरील घरी याद्वारे करण्यात येत आहे. त्यांच्या जागी अक्का रुजू होतील. चिरंजीव यांना शनिवारी दुपारी बारा वाजल्यापासून कार्यमुक्त समजण्यात यावे. रुजू झाल्याचा अहवाल त्याच दिवशी फोनवर द्यावा. सदर बदली विनंतीवरून नसल्याने टेम्पोची व्यवस्था हे कार्यालय करेल. प्रत माहितीसाठी: अक्का. प्रत कार्यवाहीसाठी: टेम्पोवाला."

खाली सही केली, तारीख घातली आणि मूळ प्रत मागच्या खोलीच्या दारावर चिकटवली.

अर्ध्या तासाने चिरंजीव कागद हातात घेऊन स्वयंपाकघरात आले.

"आई, हे काय आहे?"

"हुकूम."

"असं कसं? मला विचारलंस तरी का?"

"बदली विचारून करतात का कधी? विचारून करतात ते लग्न."

"मी याच्याविरुद्ध अपील करू शकतो."

"जरूर कर. नियमच आहे तसा. अपील नव्या जागी रुजू झाल्यावर करायचं असतं."

चिरंजीवांनी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. "तिथे इंटरनेट कसं आहे?"

"हुकमात नाही."

"आर्द्रता?"

"हुकमात नाही."

"बरं, पर्याय किती आहेत यात?"

"एक."

चिरंजीव स्टुलावर बसले. त्यांनी हुकूम पहिल्यापासून पुन्हा वाचला. बाईंना वाटलं, आता चिडेल, मग मनात म्हणाल्या, चिडू दे, सगळेच चिडायचे. पण तसं झालं नाही. दुखणारी दाढ उपटून झाल्यावर माणसाचा चेहरा जसा सैल पडतो, तसा तो हळूहळू सैल पडला.

"एकच," ते पुन्हा म्हणाले.

"एकच रे."

परदेशी न्यायच्या सामानाची दोनशे बारा वस्तूंची यादी चिरंजीवांकडे तयार होती. ती न उघडता त्यांची बॅग चाळीस मिनिटांत भरली. शनिवारी बाईंनी रीतसर खोलीचा ताबा घेतला: खाट एक, टेबल एक, उशा दोन, पैकी एक चपटी. चिरंजीवांनी सही केली.

त्या दिवशी चोपन्न पायऱ्यांवरून अक्का खुर्चीत बसून उतरल्या. एक बाजू चिरंजीवांनी धरली होती, दुसरी टेम्पोवाल्याने. प्रत्येक मजल्यावर दारं उघडून लोक बघत होते आणि अक्का उजवा हात किंचित वर करून मंत्र्यासारखा सगळ्यांचा निरोप घेत होत्या.

"हळू रे, सांडशील मला!"

"मावशी, तुम्ही हलू नका फक्त."

"हलू नको म्हणतोय! तीन वर्षांनी एकदाची हलतेय मी."

संध्याकाळी दोघी बहिणी मागच्या खोलीत बसल्या. अक्का खाटेवरून उठल्या, चार पावलं चालत अंगणाच्या दारापर्यंत गेल्या, एक पाय बाहेर मातीवर ठेवला, परत आत घेतला. मग पुन्हा बाहेर ठेवला. असं पाच-सहा वेळा केलं. रुजू होण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते.

गोष्ट खरं तर इथेच संपायची, पण चिरंजीवांना नव्या जागी दोनच दिवसांत बरं वाटू लागलं. गॅलरीत वारा होता. खाली रस्ता, पलीकडे झाडं, त्यामागे सूर्य व्यवस्थित मावळत होता. त्यांनी त्याचा फोटो काढला आणि गटावर टाकला. खाली लिहिलं: 'अखेर निघालो. व्हिसा लागला नाही. घरमालकीण रोज फोन करते आणि जेवलास का एवढंच विचारते. ठिकाण खासगी कारणांमुळे सांगत नाही.' यात एकही शब्द खोटा नव्हता.

गटात खळबळ माजली. नियमाप्रमाणे चिरंजीवांना काढायला हवं होतं, पण ते नेमके कुठे गेले हे माहीत नसल्याने ते गेले असं सिद्ध होईना. प्रश्न समितीकडे गेला. तोवर कोणीतरी तक्त्यात विसावी ओळ वाढवली: 'अनामिक देश'. लोकांनी फोटो पाहून, चिरंजीवांना खोदून विचारून, रकाने भरले. हवा उत्तम. स्थानिक लोक अबोल पण नमस्कार करणारे. नैसर्गिक व्यायाम भरपूर. चौसष्टपैकी एकोणसाठ रकान्यांत अनामिक देश पहिला आला.

मग विनवण्या सुरू झाल्या. सगळ्यात आर्त पत्र एका गृहस्थांचं होतं. 'साहेब, मी गुदमरलोय,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'नऊ वर्षं ज्या इमारतीत राहतो तिथे ना वारा, ना उजेड. लिफ्ट नाही. माणसं अशी, की म्हातारं माणूस जिन्यात बसलेलं असलं तरी नुसता नमस्कार करून जातात. मीही त्यांतलाच झालोय. त्यात भर म्हणजे वरच्या मजल्यावर नुकतंच कोणीतरी आलंय, ते दिवसभर खुर्ची ओढतं. तुम्ही आहात तिथे मला बोलवा.' पत्त्याच्या जागी त्यांनी पत्ताही लिहिला होता. तो चिरंजीवांचाच होता, फक्त मजला दुसरा.

चिरंजीवांनी आईला फोन लावला. "काय कळवू त्यांना?"

"खरं ते कळव," बाई म्हणाल्या. "आणि खुर्ची उचलून ठेवत जा."

चिरंजीवांनी खरं कळवलं. चहाला वर बोलावलं. गृहस्थ आले नाहीत. त्यांना हा अपमान वाटला. "तिथे तर मीच राहतो," असा शेरा मारून त्यांनी अनामिक देशाची ओळ खोडून टाकली आणि पुढच्या ठिकाणाचा शोध सुरू केला. तो आता संपल्यात जमा आहे. सध्या त्यांच्या तक्त्यात सर्वांत वर एक गाव आहे. हवा मानवणारी, रस्ते ओळखीचे वाटणारे, लोक मायाळू, कोणालाच कसली घाई नाही असं फोटोंवरून स्पष्ट दिसतं. ते गाव तुमचं आहे. गृहस्थ कागदपत्रं जमवताहेत. तिथली माणसं खिडकीला पाठ करून दिवसभर दुसऱ्याच कोणत्या तरी गावाचे फोटो बघत बसलेली असतात, एवढा एक रकाना तेवढा त्यांनी अजून काढलेला नाही.